नव्या कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जात नाहीत, तेव्हा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गुहागरकडे नारळी-पोफळीच्या वाडीत घर. परसात चिऱ्याचं नवीन खुराडं बांधलंत. दहा दिवसांपूर्वी आठवडा बाजारातून पाच तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या), अंडी देणारी एक मोठी कोंबडी आणि एक कोंबडा आणलात. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना मोकळं सोडलंत. दिवसभर नीट चरतात, पण तिन्हीसांजेला खुराड्याकडे एकही फिरकत नाही. दोघी फणसावर चढतात, बाकीच्या सरपणाच्या ढिगावर बसतात, आणि रोज काळोखात बॅटरी घेऊन एकेक पकडून डालावी लागते. हे किती दिवस चालणार, आणि पुढच्या महिन्यात आणखी चार आणल्या तर काय करायचं, हे तुम्ही विचारलंय.

कोंबड्या हट्टी नाहीत, त्यांचं वागणं अगदी बरोबर आहे. कोंबडीला काळोखात फारच कमी दिसतं, म्हणून उजेड उतरायला लागला की तिला रात्रीची जागा पक्की करायची घाई होते. त्या वेळी ती आधी ओळखीची जागा बघते, ती नसेल तर उंच जागा बघते. तुमच्या खुराड्याशी तिची ओळखच झालेली नाही. एक रात्र आत काढली आणि सकाळी बाहेर, एवढ्यावर ती जागा तिच्या डोक्यात बसत नाही. मग फणस उरतो. त्यानंतर रोज तुम्ही तिला झाडावरून ओढून काढता, दोन्ही पायांना धरून उलटी नेता, आत टाकता. यातून खुराडं म्हणजे पकडून नेतात ती जागा, एवढंच ती शिकते.

म्हणून आधी हे ठरवायला हवं की कोंबड्यांना जागा माहीत नाही म्हणून त्या जात नाहीत, की माहीत असूनही आत काहीतरी खुपतंय म्हणून जात नाहीत. दोन्हींचे उपाय वेगळे. तुम्ही दुसऱ्याच दिवशी सोडल्यात म्हणजे पहिलं कारण नक्की आहे. दुसरं आहे की नाही ते खुराडं तपासल्यावर कळेल, त्याकडे पुढे येतो.

किती दिवस लागतील हे कोंबडी कुठून आली यावर ठरतं. तलंगा चार-पाच दिवसांत शिकतात. दोन वर्षं एकाच घरी राहिलेली गावठी कोंबडी दहा-बारा दिवस घेते, आणि तिचं जुनं घर त्याच वाडीत असेल तर सोडल्यावर सरळ तिकडे चालत जाते. शेडमध्ये जमिनीवर वाढवलेल्या गिरिराज, वनराजसारख्या सुधारित जातीच्या कोंबड्यांना दांडीवर बसायचं असतं हेच ठाऊक नसतं. त्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून बसतात. तुमच्या फणसावर चढतात म्हणजे गावठी रक्ताच्या आहेत. त्यांना उंचावर बसणं शिकवावं लागणार नाही, फक्त जागा बदलायची आहे.

आता काम. उद्या सकाळपासून सात दिवस त्यांना अजिबात सोडू नका. पाच दिवसांत भागलं असंही होतं, पण दहा दिवस बाहेर झोपायची सवय लागलेली असल्यामुळे पूर्ण आठवडा धरा. नुसत्या खुराड्यात सात जणांना दिवसभर कोंडायचं तर प्रत्येकीला निदान 4 चौरस फूट जागा हवी, म्हणजे 28 ते 30 चौरस फूट. तेवढं खुराडं बहुतेक नसेल. मग दाराला लागून 8 बाय 10 फुटांचा तात्पुरता वाडा करा. बांबूचे खांब आणि मासेमारीचं जुनं जाळं यावर तो छान होतो, वरूनही जाळं घातलं की घार आणि शिक्रा यांची भीती जाते. जाळं ताणून बांधा. खाली लोंबणाऱ्या जाळ्यात कोंबडीची बोटं अडकतात आणि सुटायच्या धडपडीत पाय मोडतो, म्हणून खालच्या कडेला बांबूची कामटी बांधून ती जमिनीला दाबून टाका. हे जाळं फक्त दिवसासाठी. रात्री ते कुत्र्याला अडवत नाही, रानमांजराला तर नाहीच.

या सात दिवसांत पाणी वाड्यात ठेवा, पण खाणं खुराड्याच्या आतच द्या. मोठ्या कोंबडीला दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य लागतं. पाणी साधारण पाव लिटर, एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या दुप्पट. दोन भांडी ठेवा, कारण कोंबडा आणि मोठी कोंबडी एका भांड्यावर राज्य करतात आणि खालच्या तलंगा तहानलेल्या राहतात. आधीच्या मालकाकडे कणी आणि कोंडा खात असतील तर लगेच पूर्ण लेअर खाद्यावर (अंड्यांवरच्या कोंबड्यांचं विकतचं खाद्य) नेऊ नका, पाच-सहा दिवसांत थोडं थोडं बदला. जागा आणि खाणं एकाच वेळी बदललं की पातळ शीट सुरू होते आणि मग आजार आहे की बदल बाधलाय हे ओळखणं अवघड जातं.

संध्याकाळी शेवटचा दाणा आत. सातजणींना मिळून दोन-तीन मुठी भात किंवा कणी पुरते. देताना एकच हाक, शक्यतो एकाच माणसाची, किंवा पत्र्याचा डबा वाजवा. कुठली हाक हे महत्त्वाचं नाही, रोज तीच हवी. आठवड्यानंतर हीच हाक तुमचं पकडापकडीचं काम संपवणार आहे.

वेळ मात्र घड्याळावर ठरवू नका. आपल्याकडे डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातच्या आसपास. पावसाळ्यात ढग दाटले की कोंबड्या त्याहूनही वीस-पंचवीस मिनिटं आधी आवरायला घेतात. त्यांना चरणं सोडून खुराड्याच्या आसपास घुटमळताना बघितलंत की दाणा टाका.

त्या घुटमळण्याच्या वेळी एकदा शांतपणे उभे राहून बघा. कोंबडी आधी भराभर शेवटचं खाते, गळ्याखालची पिशवी भरून घेते. मग मान उंच करून दांडीकडे बघते, अंदाज घेते, बसकण मारल्यासारखी करते आणि उडी घेते. वर गेल्यावर लगेच झोप नाही. सरकासरकी, टोचाटोची, एखादी खाली पडते, पुन्हा चढते. दहा-पंधरा मिनिटं हा गोंगाट चालतो. वरचढ कोंबडी हवी ती जागा घेते आणि खालच्या मानाची सगळ्यात शेवटी, बाकीच्या बसल्यावर चढते. म्हणून दारात एक-दोघी बाहेर रेंगाळत असतील तर त्यांना हाकलून आत घालू नका. आत जागा कधी मोकळी होते याची त्या वाट बघत असतात. हाकललंत तर सरपणाकडे पळतील.

पहिल्या तीन-चार रात्री मात्र काळोख पडल्यावर आत जाऊन बघायलाच हवं. जमिनीवर किंवा अंड्याच्या खोक्यात बसलेलीला उचलून दांडीवर ठेवा. पंख अंगालगत दाबून दोन्ही हातांनी धरा, भिंतीकडे तोंड करून तिच्या नडग्या दांडीला हलकेच टेकवा. ती आपणहून पाय वर घेते. बोटं आवळली की मगच हात सोडा. बॅटरीवर तांबडा कागद लावा किंवा उजेड जमिनीवर पाडा, डोळ्यांवर नको. त्याच वेळी गळ्याखालची पिशवी चाचपून बघा. संध्याकाळी ती भरलेली, घट्टसर लागली पाहिजे आणि सकाळी रिकामी. रात्री एखादीची पिशवी रिकामी लागली तर तिला कोणी खाऊ देत नाहीये. दुसरं भांडं लांबच्या कोपऱ्यात ठेवा.

अंड्याच्या खोक्यात झोपण्याची सवय लागू देऊ नका, नाहीतर अंडी रोज शिटीने माखतील. दुपारनंतर खोक्यांच्या तोंडावर फळी लावा, सकाळी काढा. मोठी कोंबडी खोक्यातून उठायलाच तयार नसेल, हात नेल्यावर पिसं फुलवून कुरकुरत असेल, तर ती खुडूक आहे, म्हणजे अंडी उबवायला बसली आहे. तो विषय वेगळा, तिला दांडीवर ठेवून काही होणार नाही.

आठव्या दिवशी पहिल्यांदा सोडाल तेव्हा सकाळी सोडू नका. सूर्यास्ताआधी साधारण तासभर दार उघडा आणि दुपारचं खाणं थोडं कमी ठेवा. उपाशी नको, फक्त दाण्याची ओढ राहील एवढं. तासाभरात त्या लांब जात नाहीत, उजेड उतरतो, तुम्ही डबा वाजवता, दाणा आत असतो. दुसऱ्या दिवशी दीड तास, मग दोन. चार-पाच दिवसांनी दुपारपासून सोडा. पूर्ण दिवस मोकळं सोडायचं झालं तरी पहिले काही आठवडे सकाळी दहापर्यंत आतच ठेवलेलं बरं, कारण बहुतेक अंडी सकाळीच पडतात. आत घातली तर खोक्यात सापडतात, नाहीतर पोफळीच्या आळ्यात शोधत बसावं लागतं.

एवढं करूनही नवव्या-दहाव्या दिवशी त्या दारापर्यंत येऊन थांबत असतील, मान आत घालून परत फिरत असतील, तर कोंबडीला दोष देऊ नका. खुराड्यात शिरा.

पहिली गोष्ट उजेड. चिऱ्याच्या खुराड्याला एकच दार असेल तर संध्याकाळी बाहेर दिसतं आणि आत गुडुप काळोख असतो. ज्या प्राण्याला काळोखात दिसत नाही तो त्या भोकात का जाईल? आत 5 वॅटचा पिवळा दिवा दांडीच्या उंचीच्या खाली लावा आणि सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास सुरू करा. सगळ्या वर बसल्या की बंद करा. त्या जमिनीवर असताना बंद केलात तर तिथेच अडकून बसतात. दिवा रात्रभर ठेवू नका, झोप मोडते आणि किडे जमतात, किड्यांमागे पाली आणि बेडूक, त्यांच्यामागे साप. याच्या उलट, पडवीतली ट्यूब किंवा रस्त्यावरचा दिवा सरपणाच्या ढिगावर पडत असेल तर तो ढीगच त्यांना सुरक्षित वाटणार. तो दिवा तासभर उशिरा लावून बघा. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं.

दुसरी गोष्ट दांडी. ती अंड्याच्या खोक्यांपेक्षा उंच असलीच पाहिजे, नाहीतर कोंबड्या खोक्यात झोपणार. गावठी कोंबड्यांना 60 ते 90 सेंटिमीटर उंची चालते. गिरिराजसारख्या जड कोंबड्यांना 45 पुरे, त्यावरून उडी मारली की तळपायाला मार बसून गाठ येते. प्रत्येकीला 20 ते 25 सेंटिमीटर लांबी, भिंतीपासून 30 सेंटिमीटर अंतर, म्हणजे शेपूट घासत नाही. दोन दांड्या असतील तर दोन्ही सारख्या उंचीवर ठेवा. एक वर एक खाली केली की सगळ्यांना वरचीच हवी असते आणि रोज भांडण. जाडी 4 ते 5 सेंटिमीटर. सुरूचा वासा किंवा पोफळीची फाळ उत्तम, फक्त फाळीच्या धारा तासून गोल करा. गुळगुळीत बांबूवर पाय घसरतात, आणि त्याच्या पोकळ टोकांत पिसवा (रक्त पिणारे बारीक तांबडे किडे) घर करतात.

या पिसवा म्हणजे तिसरी गोष्ट, आणि नव्या कोंबड्यांबरोबर बाजारातून त्या हमखास येतात. दिवसा दांडीच्या फटीत आणि चिऱ्याच्या भोकांत लपतात, रात्री बाहेर येऊन रक्त पितात. म्हणून दिवसा कोंबडी तपासून काही सापडत नाही. रात्री दहाच्या सुमारास पांढरं फडकं दांडीच्या खालच्या अंगाला घासा. तांबडे ओघळ उमटले तर कोंबड्या खुराड्यात का जात नाहीत याचं उत्तर मिळालं. दांड्या काढून उकळतं पाणी ओता, भिंतीच्या भेगा सिमेंटने बुजवा, वरून चुन्याचा जाड हात द्या, दांडीच्या टोकांना करंजेल तेल चोळा. सात दिवसांनी सगळं पुन्हा, कारण अंड्यांतून नवीन पिसवा तोवर बाहेर पडतात. औषध फवारायचं असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच, भाजीवर मारायचं औषध खुराड्यात नको.

चौथी गोष्ट हवा. पत्र्याचं छप्पर आणि बंद भिंती असतील तर मे महिन्यात संध्याकाळी सातलाही आत भट्टी असते. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. पत्र्यावर चुडतांचे (नारळाच्या झावळ्यांचे) झाप किंवा पेंढा टाका आणि छपराखाली दोन्ही बाजूंना एक वीतभर पट्टी जाळीची ठेवा. गरम हवा आणि शिटीचा उग्र वास तिथून निघून जातो. तुम्ही वाकून आत तोंड घातल्यावर डोळे चुरचुरले तर कोंबड्या रात्रभर तेच सोसतात हे लक्षात घ्या.

जाळीबद्दल एक सांगतो, कारण इथे पैसे वाचवू नयेत. षटकोनी भोकांची पातळ कोंबडीजाळी कोंबडी आत ठेवते, बाहेरच्याला अडवत नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तर ती लवकर गंजून हाताने तुटते. अर्ध्या इंचाची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी घ्या. एक इंची भोकातून उंदीर आणि लहान साप सहज येतात. मुंगूस दिवसा फिरतं, रानमांजर आणि कांडेचोर (उदमांजर) रात्री. साधी कडी पंजाने उघडणारा कांडेचोर असू शकतो, म्हणून कडीत खिळा किंवा छोटं कुलूप अडकवा. खाद्याची भांडी रात्री बाहेर काढून झाकून ठेवा. सांडलेल्या कणीवर उंदीर येतात आणि उंदरांच्या वासाने नाग, धामण. नियमाने आत जाणाऱ्या कोंबड्यांनी एके दिवशी अचानक दारातच नकार दिला, तर आधी साप बघा, मग पिसवा, मग छप्पर गळतंय का ते. काठीने चाचपल्याशिवाय अंड्याच्या खोक्यात हात घालू नका. साप सापडला तर सर्पमित्राला बोलवा.

आता फणस. खालून थेट फांदीवर कोंबडी क्वचितच जाते. ती पायऱ्या करते: आधी सरपण, मग खालचा फाटा, मग वर. सरपण दुसरीकडे हलवा किंवा त्यावर झाप असे उभे लावा की बसता येणार नाही. पायरी गेली की निम्म्या वेळा फणसही सुटतो. तरी वर जाणारी असेल तर पूर्ण काळोख पडल्यावर शिडी लावून उतरवा. संधिप्रकाशात गेलात तर ती उडेल आणि शेजाऱ्याच्या आंब्यावर बसेल. पंख कापणं मी शेवटचा उपाय मानतो. कापायचेच तर एकाच बाजूच्या पंखाची बाहेरची लांब दहा पिसं, अर्ध्यापर्यंत. नव्या पिसाच्या देठात रक्त दिसतं, ते कापू नका. पंख कापलेली कोंबडी कुत्र्यापुढून उडू शकत नाही आणि तिला दांडीवर चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली फळी द्यावी लागते.

पावसाळ्यापूर्वी दाराची दिशा बघा. आपल्याकडचा पाऊस नैऋत्येकडून झोडपतो. दार आणि जाळी पूर्वेला असेल तर आत कोरडं राहतं आणि सकाळचं ऊनही येतं. पश्चिमेला असेल तर जूनच्या आधी झापाचा आडोसा बांधा. जमिनीवर भाताचं तूस दोन-तीन इंच पसरा, दर दोन दिवसांनी खालीवर करा, दगडासारखं घट्ट झालेलं लगेच काढून टाका. ओल्या तुसातून रक्ती हगवण येते आणि तलंगा त्यात सर्वात आधी बळी पडतात.

आता पुढच्या महिन्यातल्या चार. त्यांना पहिल्या दिवशी तुमच्या सातजणींत मिसळू नका. निदान पंधरा दिवस, जमलं तर तीन आठवडे वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यांवर ठेवा, आणि आधी जुन्यांना खायला घालून मग त्यांच्याकडे जा. बाजारातून मानमोडी (राणीखेत रोग) येते आणि ती शिरली की अख्खं खुराडं रिकामं करते. लसीकरण झालंय का ते विकणाऱ्याच्या शब्दावर सोडू नका. दवाखान्यात विचारून आठ आठवड्यांवरच्यांना आर-टू-बी लस द्या, आणि तुमच्या आताच्या सातजणींनाही. एकटी कोंबडी कधी मिसळू नका, चारही एकदम.

हा काळ संपला की एक आठवडा जाळीच्या दोन बाजूंना ठेवा. दिसतील, ओरडतील, पण चोच पोचणार नाही. मग एका रात्री, जुन्या झोपल्यावर, नव्या चौघींना उचलून दांडीच्या टोकाला ठेवा. सकाळी सगळ्या एकत्र उठल्या म्हणजे मैत्री झाली असं मानून दार बंद ठेवलंत तर रक्त निघेल. फटफटायच्या आधी तिथे हजर राहा, उजेड होताच सगळ्यांना वाड्यात सोडा, दाणा तीन ठिकाणी टाका, आणि आडोशाला एखादं डालगं तिरकं करून ठेवा म्हणजे मार खाणारीला लपता येतं. तुऱ्यावर टोचणं, थोडं पळवणं हे आठवडाभर चालणार, त्यात पडू नका. पण रक्त दिसलं तर त्या कोंबडीला लगेच बाजूला घ्या, कारण तांबडं दिसलं की बाकीच्या थांबत नाहीत. जखम सुकेपर्यंत हळद लावून जाळीपलीकडे ठेवा आणि नंतर पुन्हा रात्रीच दांडीवर चढवा.